हॅरॉल्डची पेनी घेऊ की थांबू? (अँग्लो-सॅक्सन चांदीची नाणी)

जुना_ढब्बू
नमस्कार मंडळी. आजोबांच्या डब्यात शिवराया होत्या, तिथून हा किडा चावला तो अजून सोडत नाही. अकरा वर्षं लेस्टरला आहे, इथे शिवराई कुठून मिळणार, म्हणून हळूहळू इथल्याच मातीतल्या नाण्यांकडे वळलो. सध्या माझ्याकडे दोन अँग्लो-सॅक्सन पेन्या (१०६६ आधीच्या इंग्लंडची चांदीची नाणी) आहेत, एक एथेलरेड राजाची, एक कनूट राजाची. ज्यांनी हातात घेतली नसेल त्यांच्यासाठी: आपल्या जुन्या चार आण्याएवढी रुंद, पण पोह्याच्या पापडासारखी पातळ, वजन साधारण सव्वा-दीड ग्रॅम, आणि हजार वर्षांची असून अक्षरं अशी खणखणीत की काल पाडल्यासारखी.

आता मुद्दा. चार वर्षं बाजूला टाकत टाकत थोडे पैसे जमलेत. एका विक्रेत्याकडे इंग्लंडचा राजा दुसरा हॅरॉल्ड याची पेनी आली आहे. हा तोच, ६ जानेवारी १०६६ ला गादीवर बसला आणि १४ ऑक्टोबरला नॉर्मंडीच्या विल्यमशी लढताना हेस्टिंग्जला पडला. सगळी कारकीर्द नऊ महिन्यांची, नाण्याचा एकच प्रकार, मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'पॅक्स', म्हणजे शांतता. किंमत बऱ्यापैकी सेकंडहँड गाडीइतकी. पण २०१९ मध्ये सॉमरसेटला चू व्हॅलीत जो साठा सापडला त्यात एकट्या हॅरॉल्डची १,२३६ नाणी निघाली! तोवर जगात माहीत असलेल्या सगळ्या हॅरॉल्डांपेक्षा जास्त. मग आता भाव पडणार का? थांबू का? की याच पैशात कमी प्रसिद्ध राजांची, लहान टाकसाळींची आठ-दहा नाणी घेऊ? मुळात दुर्मिळ म्हणजे काय धरायचं?
(बायकोचं मत: दोन्ही नको, किचनच्या टाइल्स बदल.)

उगाच_आपलं
रुमाल टाकून ठेवतो. विषयातलं ओ की ठो कळत नाही पण वाचायला मजा येणार.

खवचट_काका
दीडशे वर्षं त्यांनी आपल्याला लुटलं आणि तुम्ही तिकडे जाऊन त्यांची चिल्लर विकत घेताय. धन्य. टाइल्सना माझं अनुमोदन.

जुना_ढब्बू
काका, चिल्लर नाही हो. दहाव्या शतकातल्या लंडनच्या एका कायद्यात चोरीच्या जनावरांचे दर दिलेत, गाय २० पेनी आणि डुक्कर १०. म्हणजे माझ्या दोन नाण्यांत डुकराचा एक पाय तरी येत होता.

खवचट_काका
मग पाय घ्या, निदान रस्सा तरी होईल.

रेवा_यॉर्क
मी इथे एका संग्रहालयात शनिवारी व्हॉलंटिअर म्हणून जाते. तज्ज्ञ नाही, पण तज्ज्ञांना चहा करून देत देत बरंच कानावर पडतं.

चू व्हॅलीबद्दल आधी. तो साठा फुटून बाजारात आलेलाच नाहीये. २,५८४ नाणी अख्खीच्या अख्खी तिथल्या वारसा ट्रस्टने २०२४ मध्ये ४३ लाख पौंडांना घेतली, निम्मे पैसे जमीनमालकाला, निम्मे शोधणाऱ्यांना. त्यामुळे हॅरॉल्ड 'माहीत असलेले' दुप्पट झाले, 'विकत मिळणारे' होते तितकेच राहिले. भाव पडायची वाट बघत बसलास तर बसूनच राहशील.

दुसरं, मला विचारशील तर हॅरॉल्ड दुर्मिळ नाहीये, तो प्रसिद्ध आहे. १०६६ हे साल इथे शाळेतल्या प्रत्येक पोराला पाठ असतं, म्हणून प्रत्येक संग्राहकाला एक तरी हॅरॉल्ड हवा असतो. मागणी जास्त म्हणून महाग. खरी दुर्मिळ बघायची तर आठव्या शतकातल्या मर्सियाच्या (मध्य इंग्लंड) ऑफा राजाची राणी किनेथ्रिथ. अँग्लो-सॅक्सन काळातली ही एकटीच राणी जिच्या नावाने नाणी पाडली गेली, आणि ती सगळी एओबा नावाच्या एकाच माणसाने पाडली. किंवा एथेलरेडचं १००९ च्या सुमाराचं कोकरू-कबुतराचं नाणं, एका बाजूला राजाच्या तोंडाऐवजी देवाचं कोकरू, दुसरीकडे कबुतर. डेन लोक (डेन्मार्ककडचे वायकिंग) दारात उभे, तेव्हा राजाने देवाला साकडं घातलं असावं तसं. ती जगात मोजून दोन डझनाच्या आत-बाहेर.

पण ही झाली राजाची, प्रकाराची दुर्मिळता. ९७३ च्या सुमाराला एडगर राजाने सगळ्या देशाची नाणी एकसारखी केली, पुढे राजाचा चेहरा आणि मागे नाणी पाडणाऱ्याचं नाव आणि गावाचं नाव. तिथून खरी गंमत. राजा साधा असेल पण गाव असं की तिथली चारच नाणी उरलीत, किंवा गाव मोठं पण त्या माणसाचं नाव कुठेच मिळत नाही. हौशी लोक खरे मरतात ते यावर. जेमतेम तीनशे पौंडांच्या नाण्यावर कधी कधी अशी ओळ सापडते की तज्ज्ञ चहा टाकून धावत येतात.

मिनी_मावशी
रेवा छान लिहिलंस. पण त्या माणसाचं नाव नाण्यावर कशाला? आपल्या नोटेवर गव्हर्नरची सही असते तसं?

रेवा_यॉर्क
साधारण तसंच मावशी, फक्त गव्हर्नरचा हात कापत नाहीत. एथेल्स्टन राजाच्या कायद्यात आहे, नाणं खोटं पाडणारा सापडला तर ज्या हाताने गुन्हा केला तो हात तोडून टाकसाळीवर लावायचा. नाव असलं की चांदीत भेसळ कोणी केली ते लगेच कळतं.

उगाच_आपलं
आमच्या कॉलनीतल्या दूधवाल्याचं नाव पिशवीवर छापायला पाहिजे.

स्टॉकहोमस्थ
धाग्यात उशिरा आलो. ढब्बूशेठ, तुम्हाला एथेलरेड बघायचा असेल तर इंग्लंडमध्ये काय करताय, इकडे या. त्याच्या नाण्यांचा मोठा खजिना स्वीडनमध्ये आहे, गॉटलंड बेटावर शेतं नांगरताना पिढ्यान्‌पिढ्या निघतायत. कारण सरळ आहे, डेन लोकांनी लुटू नये म्हणून यांनी पैसे दिले. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल म्हणजे त्यांची जुनी बखर, तिच्यातले आकडेच बघा: ९९१ ला १०,००० पौंड, ९९४ ला १६,०००, १००२ ला २४,०००, १०१२ ला ४८,०००. पौंडाला २४० पेन्या. म्हणजे पहिल्याच खेपेला २४ लाख नाणी! आणि दर वेळी मागणी वाढती, कारण देणारा देतोय म्हटल्यावर घेणारा कशाला थांबेल.

आमच्याकडच्या पेन्यांवर बारीक बारीक टोचे असतात. नाणं हातात आलं की सुरीच्या टोकाने खुपसून बघायचे, आत चांदीच आहे ना. एका नाण्यावर मी सात मोजले. काही संग्राहक 'डॅमेज' म्हणून नाक मुरडतात. अरे बाबांनो, ती त्या नाण्याची प्रवासाची तिकिटं आहेत!

खवचट_काका
म्हणजे चौथाई! आमच्या पूर्वजांनी पेटंट घ्यायला हवं होतं. डेन लोकांनी सरदेशमुखी पण मागितली का?

स्टॉकहोमस्थ
१०१६ ला कनूट हा डेन स्वतःच राजा झाला आणि १०१८ ला ७२,००० पौंड वसूल केले, वर लंडनचे १०,५०० वेगळे. ही सरदेशमुखीच समजा.

नाशिकचा_नंद्या
आमच्याकडचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, सगळी नहपान या क्षत्रप राजाची, आणि त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला! नहपानाचा चेहरा खाली अर्धवट दिसतोय आणि वर आमच्या राजाचं चिन्ह. हरवलं ते कसं ते नाण्यावरच लिहून ठेवलं. विल्यमने हॅरॉल्डच्या नाण्यांवर असं काही केलं का?

रेवा_यॉर्क
नंद्या, भारी प्रश्न. नाही, जुन्या नाण्यावर छाप मारायची पद्धत इकडे नव्हती, वितळवून नवं पाडायचे. पण चू व्हॅलीत याच्या उलटा प्रकार मिळाला. एका नाण्याला एका बाजूला हॅरॉल्ड आणि दुसऱ्या बाजूला विल्यमच्या काळाचा ठसा! म्हणजे पाडणाऱ्याने नवा ठसा एकच घेतला आणि दुसऱ्या बाजूला मेलेल्या राजाचाच जुना वापरला. का? तर ठसे फुकट नव्हते. डूम्सडे बुकात (विल्यमने करवलेली देशाची मोजणी-नोंदवही) वूस्टरच्या नोंदीत आहे, नाणं बदललं की प्रत्येक पाडणाऱ्याने लंडनला २० शिलिंग भरून नवे ठसे आणायचे. पैसे वाचवले गड्याने. तज्ज्ञ याला सरळ करचुकवेगिरी म्हणतात.

नाशिकचा_नंद्या
म्हणजे गौतमीपुत्राने राजकारण केलं आणि याने जीएसटी बुडवला. दोन्ही नाणीच सांगतात. वाचनखूण साठवली.

लॉजिकल_लंबक
सगळं वाचून एक कडू गोळी देतो. हा छंद निरागस नाहीये. जोवर घेणारे आहेत तोवर रात्री मेटल डिटेक्टर घेऊन दुसऱ्याच्या शेतात घुसणारे आहेत. २०१५ मध्ये हेरेफोर्डशायरला दोघांना वायकिंग काळातला साठा सापडला. कायद्याप्रमाणे १४ दिवसांत कळवायचं, ते न करता गुपचूप विकायला काढला. साधारण ३०० नाणी असावीत असा अंदाज, हाताला लागली तीसेक. बाकीची कुठे आहेत? कुणाच्या तरी अल्बममध्ये! २०१९ ला दोघे तुरुंगात गेले, पण विकत घेणाऱ्या सगळ्यांचं काय?

आणि नुकसान नुसतं चांदीचं नाही. त्यात वेसेक्सचा (दक्षिण इंग्लंड) राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा दुसरा केओलवुल्फ यांची 'दोन सम्राट' नाणी होती, दोन राजे शेजारी शेजारी बसलेले. क्रॉनिकलने या केओलवुल्फला राजाचा एक मूर्ख चाकर म्हणून निकालात काढलं होतं. नाणी सांगतात की आल्फ्रेड त्याला बरोबरीचा जोडीदार मानत होता, आणि पुढे तो इतिहासातून पुसला गेला. त्याच वर्षी वॉटलिंग्टनला तशाच नाण्यांचा साठा एका माणसाने रीतसर कळवला, तो ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियनने साडेतेरा लाख पौंडांना घेतला, सगळ्यांना बघता येतो. एकाच वर्षी एकाच काळातले दोन साठे, एक म्युझियममध्ये गेला आणि एक चोरांच्या खिशात. म्हणून म्हणतो, संग्रहालयात जाऊन बघा की, घरात कशाला हवं?

जुना_ढब्बू
लंबकराव, मुद्दा मान्य, निष्कर्ष अमान्य. सुटं सापडलेलं एकच नाणं इथल्या कायद्यात सहसा 'ट्रेझर' म्हणजे गुप्तधन धरत नाहीत, चांदी-सोन्याची दोन किंवा जास्त एकत्र सापडली आणि तीनशे वर्षांवर जुनी असली की मग ते लागू होतं. त्यामुळे शेतकऱ्याच्या परवानगीने शोधलेलं, नोंद केलेलं, उघड विकलेलं असं भरपूर मिळतं. मी जुन्या लिलावाच्या कॅटलॉगमध्ये फोटो असलेलंच घेतो, कुठून कुणाकडे आलं ते कागदावर असलेलं. आणि हौशी लोकांनी नोंदी केल्या नसत्या तर केंब्रिजला फिट्झविल्यम संग्रहालयाची जी सुट्या नाण्यांची यादी आहे ती इतकी मोठी झाली असती का?

लॉजिकल_लंबक
कागद असलेलं घेता हे उत्तम. शंभरातले किती जण घेतात हो? तुमच्या चांगुलपणाने बाजार चांगला होत नाही. असो, माझं मत मांडलं, भांडण नाही.

मिनी_मावशी
भांडण नकोच. मी माझी फजिती सांगते म्हणजे जरा हसाल. आमचे हे साठीला आले तेव्हा मी ऑनलाइन लिलावात एक 'अँग्लो-सॅक्सन पेनी' घेतली, सरप्राइज म्हणून. ह्यांनी भिंग लावून वाचलं आणि आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटले की हे गॉडपाइन नावाच्या माणसाने पाडलंय. जावई इंग्लिश साहित्यवाला, तो म्हणाला बाबा ते 'पी' नाही, त्या काळी 'व' चं अक्षर तसंच दिसायचं, ते गॉडविने. मग त्यानेच कड बघितली तर सगळीकडून बारीक शिवण, दोन साच्यांत ओतल्याची. म्हणजे खोटं! ठशाने ठोकलेल्या नाण्याला अशी शिवण कशाला असेल? तेव्हापासून ह्यांचं नाव घरात गॉडपाइन.

उगाच_आपलं
मावशी, गॉडपाइन काकांना साष्टांग.

कल्याण_स्लो
थोडं अवांतर पण सांगतोच. ज्या आल्फ्रेडच्या नाण्यांवर एवढं चाललंय त्याने ८८३ मध्ये सिगेहेल्म आणि एथेल्स्टन (तो राजा नव्हे) अशा दोघांना दानधर्म घेऊन रोमला आणि पुढे थेट भारतात, सेंट थॉमस आणि सेंट बार्थोलोम्यू यांच्या स्थानी पाठवलं, असं क्रॉनिकलमध्येच आहे. काही प्रतींत भारताऐवजी ज्यूडिया (ज्यूंचा देश) आहे म्हणून वाद आहेत. पण आमच्याकडे काही अभ्यासकांचं मत असं की बार्थोलोम्यू कल्याणच्या बाजूला आला होता! म्हणजे हिशेब करा, आल्फ्रेडच्या पेन्या घेऊन दोन सॅक्सन माणसं कल्याणला उतरलेली असू शकतात.

खवचट_काका
उतरलेली असतील, पण परत चढता आलं नसेल. प्लॅटफॉर्मवरची गर्दी.

कल्याण_स्लो
काका, हलके घ्या. पण उद्या खाडीत गाळ काढताना एखादी पेनी निघाली तर पहिला फोन ढब्बूला.

जुना_ढब्बू
पहिला फोन कलेक्टरला! आपल्याकडे १८७८ चा कायदा आहे, दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं की कळवायचं.

स्टॉकहोमस्थ
पूर्वेकडचा पैसा मात्र इकडे नक्की आला. ऑफाने सोन्याचं एक नाणं पाडलं, ते चक्क अल-मन्सूर खलिफाच्या दिनारची नक्कल. अरबी मजकूर जसाच्या तसा उतरवायचा प्रयत्न, त्यात हिजरी १५७ साल, आणि मधे 'ऑफा रेक्स', तेही अरबी मजकुराच्या हिशेबाने उलटं! पाडणाऱ्याला अरबीचा गंध नव्हता. ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ख्रिश्चन राजाच्या नाण्यावर कलमा, आणि कोणालाच पत्ता नाही.

रेवा_यॉर्क
ढब्बू, सगळे भरकटलो, तुझं काय ठरलं? माझा सल्ला तोच, प्रसिद्धीचे पैसे देऊ नकोस.

नाशिकचा_नंद्या
माझं मत विरुद्ध. माणूस रात्री दोन वाजता डबा उघडून काय बघतो ते महत्त्वाचं. हॅरॉल्ड हातात असला तर हेस्टिंग्ज हातात असतं. लहान गावातली आठ नाणी म्हणजे आठ पानांचा एक्सेल.

जुना_ढब्बू
तीन आठवडे झाले, रिपोर्ट देतो.

हॅरॉल्ड गेला. मी नंद्याचा प्रतिसाद वाचून फोन उचलला तोवर दुसऱ्याने घेतला होता. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. दोन दिवस नंद्यावर राग, की आधी का लिहिलं नाहीस.

मग परवा एका नाण्यांच्या मेळाव्यात गेलो होतो, तिथे तळाच्या ट्रेमध्ये हे मिळालं. एथेलरेडच्या 'लाँग क्रॉस' प्रकाराचं अर्धं नाणं. त्या काळी सुटे पैसे नसायचे, पेनीचेच कात्रीने दोन किंवा चार तुकडे करायचे, आणि या प्रकारात मागचा क्रूस कडेपर्यंत जातो त्यामुळे कापायला रेघ आयतीच. पुढे राजाचा अर्धा चेहरा. मागे वरचा अर्धा भाग गेलाय, खालचा आहे. एका पाव भागात '...विने' (मावशी, ते 'पाइन' नाही, वाचलं बरोबर!), पुढच्या पाव भागात 'मो' ('नाणं पाडणारा' याचं लघुरूप, यापुढे गावाचं नाव येतं) आणि मग एकच अक्षर, 'एल'. तिथे कात्री. मधे दोन टोचे पण आहेत स्टॉकहोमस्थ, सुरीचे. जुन्या संग्रहाचं पाकीट सोबत आहे लंबकराव, पेन्सिलने साल १९६२ लिहिलेलं. किंमत: चौघं जेवायला बाहेर गेलो तर बिल होईल तेवढी. टाइल्स पण ठरल्या.

आता गंमत बघा. 'एल' वरून गाव कुठलं?

रेवा_यॉर्क
अरे!! एल म्हणजे लंडन, लिंकन, लुईस, लिडफर्ड, लेस्टर, आणखीही काही! लंडन असेल तर हजारांतलं एक. लेस्टर असेल तर...

जुना_ढब्बू
तेच ना! माझंच गाव असलं तर?

लॉजिकल_लंबक
शक्यता लंडनचीच सर्वांत जास्त. तिथे सर्वांत जास्त नाणी पडायची आणि -विने वाले तिथे पायलीला पन्नास, गॉडविने, लिओफविने, एडविने. आशा ठेवू नका. पण पाकिटाबद्दल अभिनंदन.

स्टॉकहोमस्थ
आशा ठेवा. ठसा हाताने कोरलेला असतो, प्रत्येक वेगळा. त्याच ठशाने पाडलेलं अख्खं नाणं कुठे असेल तर अक्षरांची जागा, क्रूसाची टोकं सगळं तंतोतंत जुळतं, आणि मग तुमचा गेलेला अर्धा भाग त्या नाण्यावर वाचता येतो. एथेलरेडची हजारो नाणी फोटोंसकट छापलेली आहेत. मागच्या बाजूचा नीट उजेडातला फोटो टाका, 'मो' मधली खूण कशी आहे तेही दिसू दे. मी लिंकनपासून बघायला लागतो.

रेवा_यॉर्क
लंडन माझ्याकडे. सुट्टी टाकते.

मिनी_मावशी
लुईस आणि लिडफर्ड आमच्या गॉडपाइनना देते, रिटायर्ड आहेत, भिंग पण आहे.

नाशिकचा_नंद्या
लेस्टर निघालं तर सगळ्यांना मिसळ ढब्बूकडून. लंडन निघालं तर माझ्याकडून, हॅरॉल्डची भरपाई.

खवचट_काका
आणि जुळलंच नाही तर?

जुना_ढब्बू
तर अर्धी प्लेट काका. फोटो टाकतोय, पाच मिनिटं थांबा, बायको म्हणते किचनमधला दिवा तिला हवाय.